धडधड सुरू असतानाचा ईसीजी

एकाएकी छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, हातपाय गळाल्यासारखे होतात. घरचे गाडी काढतात. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत धडधड थांबलेली असते. ईसीजी निघतो, तो नॉर्मल. मग ‘पित्त असेल’, ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिशी-चाळिशीतल्या बायकांच्या बाबतीत तर हे वर्षानुवर्षं चालतं.

साध्या ईसीजीत साधारण १० सेकंदांची नोंद असते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. नॉर्मल ईसीजीचा अर्थ एवढाच, की त्या १० सेकंदांत लय ठीक होती. ठोक्यांच्या आजारात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे त्रास चालू असताना निघालेली पट्टी. ती हातात असेल तर निम्म्याहून जास्त निदान तिथंच होतं. ती नसेल तर पुढच्या महागड्या तपासण्या अंधारात चाचपडल्यासारख्या होतात.

म्हणून धडधड सुरू झाली की जवळात जवळ जिथं ईसीजी मशीन आहे तिथं जावं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कोपऱ्यावरचा दवाखाना, काहीही चालेल. गगनबावड्याहून किंवा राधानगरीहून थेट कोल्हापुरातल्या ‘मोठ्या डॉक्टरां’कडंच जायचं ठरवलं की वाटेत लय पूर्ववत होते आणि पुरावा हातातून जातो. आधी पट्टी, मग प्रवास. मात्र छातीत कळ, शुद्ध हरपणं, अंग गार पडणं किंवा दम कोंडणं यांपैकी काही सोबत असेल तर १०८ ला फोन लावायचा. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही आणि मागं बसूनही जायचं नाही.

पोचेपर्यंत घरच्यांनी नाडी मोजावी. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं की अनियमित नाडीत मोठी चूक होते. आकड्याइतकीच लयही महत्त्वाची, म्हणून बोटानं टेबलावर तशीच टकटक करून दाखवा. घड्याळासारखी एकसारखी आहे का? मधेच एक ठोका गळतोय का? की कसलाच ताळमेळ नाही? शेवटच्या प्रकारात आपोआप चालणारं बीपीचं मशीन आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर दोन्ही नाडीचा आकडा चुकीचा दाखवू शकतात. सुरुवात कशी झाली तेही सांगा. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच थांबलेली धडधड एका गटातली, हळूहळू वाढत जाऊन हळूहळू ओसरलेली दुसऱ्या गटातली. धडधड थांबल्यावर भरपूर लघवी झाली, किंवा मानेत ठोके उडताना जाणवले, हे रुग्णाला किरकोळ वाटतं. निदान करणाऱ्याला मात्र त्यातून बरंच कळतं.

आता ईसीजी काढणाऱ्यांसाठी थोडं. चुकीच्या जागी लावलेल्या इलेक्ट्रोडमुळं निरोगी माणसाला ‘जुना अटॅक’ चिकटतो, हे फार वेळा घडतं. छातीवर व्ही-१ ते व्ही-६ असे सहा इलेक्ट्रोड लागतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली आणलं की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची फासळी दुसरी आणि तिच्याखालची जागा दुसरी. तिथून आणखी दोन जागा खाली उतरलं की चौथी जागा येते. व्ही-१ हाडाच्या उजव्या कडेला आणि व्ही-२ डाव्या कडेला, दोन्ही याच चौथ्या जागेत. व्ही-४ पाचव्या जागेत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या पातळीत, अनुक्रमे काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. घाईत व्ही-१ आणि व्ही-२ दोन बोटं वर लागतात आणि मशीन वर काहीतरी भीतिदायक छापून मोकळं होतं. बायकांच्या छातीवर संकोचापोटी कपड्याच्या कडेनं इलेक्ट्रोड लावले जातात, तिथंही हाच घोटाळा. पडदा ओढा, सोबत बाई उभी करा, पण जागा सोडू नका.

हातापायांच्या तारांत आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला. ईसीजीतल्या बारा रेषांना लीड म्हणतात. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की त्यातली लीड-१ पूर्ण उलटी पडते आणि एव्हीआर सरळ उभी राहते. असं दिसलं तर आधी तारा तपासा. अंगाला तेल असेल तर पुसा, दाट केस असतील तर तेवढी जागा साफ करा. रेषेवर बारीक, एकसारखी दातेरी थरथर दिसली तर ती विजेची. मशीन बॅटरीवर घ्या, रुग्णाचा पाय लोखंडी कॉटला टेकलाय का पाहा, शेजारचा पंखा बंद करा. थंडीनं किंवा कंपवातानं हात थरथरत असतील तर ती थरथर कागदावर हुबेहूब बिघडलेल्या लयीसारखी उमटते. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि उंची १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर आहे ना, हे कोपऱ्यातल्या चौकोनी खुणेवरून बघायचं. या वेगात छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. नियमित लयीत दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा. अनियमित असेल तर १० सेकंदांतले ठोके मोजून ६ नं गुणा. आणि धडधडीचा रुग्ण असेल तर बारा लीडनंतर लीड-२ ची निदान मिनिटभराची लांब पट्टी सोडा. कागद थोडा जास्त जातो, पण काम होतं.

या कागदाबद्दल एक सांगायलाच हवं. तो उष्णतेवर छापणारा कागद आहे. उन्हात ठेवलेल्या गाडीत, किंवा कपाटात दोन-तीन वर्षांत, तो कोरा पडतो. लॅमिनेशन केलं तर उष्णतेनं पूर्ण काळा होतो. आयुष्यात एकदाच सापडलेली पट्टी अशी घालवलेले लोक आहेत. निघाल्या निघाल्या मोबाईलवर सपाट, सावली न पडता फोटो काढा, झेरॉक्स काढा, मागं तारीख, वेळ आणि ‘धडधड चालू होती’ असं पेनानं लिहा.

पट्टी सापडतच नसेल तर नोंद लांबवायची, आणि किती लांबवायची हे त्रास कितीदा होतो यावर ठरतं. रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र. आठवड्यातून एकदा असेल तर छातीवर चिकटवायचा, ७ ते १४ दिवसांचा पॅच. दोन-तीन महिन्यांतून एकदा होणाऱ्या धडधडीसाठी २४ तासांचा होल्टर लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तिथं बोटं टेकवून ३० सेकंदांचा ईसीजी देणारं छोटं यंत्र किंवा तशी सोय असलेलं घड्याळ जास्त उपयोगी. फक्त नाडीचा आकडा दाखवणारं घड्याळ यात धरू नका, रेषा दिसायला हवी. वारंवार बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं नोंद ठेवतो. होल्टर लावल्यावर घरी पडून राहू नका. ऊस तोडताना त्रास होतो ना? मग शेतात जा. जिना चढताना होतो? मग चढा. त्रास झाला की बटण दाबा आणि वेळ वहीत लिहा. वही कोरी ठेवून परत दिलेल्या होल्टरचा निम्मा अर्थ गेलेला असतो.

पट्टी हातात आली की पहिला प्रश्न रुंदीचा. खालच्या कप्प्यांचा ठोका, म्हणजे क्यूआरएस, तीन छोट्या चौकोनांपेक्षा अरुंद आहे की रुंद? दुसरा प्रश्न नियमिततेचा. या दोन उत्तरांवर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

अरुंद, नियमित आणि ११० ते १४० च्या घरातली लय बऱ्याचदा हृदयाचा आजार नसतेच. ताप, रक्त कमी असणं, जुलाबानं पाणी कमी होणं, थायरॉइड, फुप्फुसात अडकलेली गुठळी, यापैकी कशाला तरी हृदय उत्तर देत असतं. अशी नाडी गोळीनं दाबायची नाही, कारण शोधायचं. आकडा अगदी १५० ला खिळलेला असेल आणि हलतच नसेल तर फ्लटर शोधा. त्यात वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास फिरतात आणि दर दोनातला एक ठोका खाली उतरतो.

बटण दाबल्यासारखी सुरू होणारी, १५० ते २५० ची अरुंद, नियमित लय म्हणजे बहुतेक वेळा एसव्हीटी. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या वाटेवर एक जादा रस्ता असतो आणि वीज त्या गोलात फिरत राहते. एक फेरी तुटली की धडधड जागच्या जागी थांबते. त्यासाठीची साधी पद्धत अशी. रुग्णाला अर्धवट बसवून १० मिलीच्या सिरिंजच्या तोंडातून १५ सेकंद फुंकायला सांगायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं. फुंकणं संपल्याबरोबर पाठीवर सपाट झोपवून कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे, मग पुन्हा अर्धवट बसवायचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिव्हर्ट’ अभ्यासात असं पाय उचलून केल्यावर १०० पैकी ४३ जणांची लय पूर्ववत झाली. नुसतं बसून फुंकणाऱ्यांत ती फक्त १७ जणांची झाली. पाय उचलल्यानं एवढा फरक पडतो, तरी आपल्याकडं अजून नुसतं ‘श्वास रोखून कुंथा’ सांगून सोडून देतात. डोळ्यांची बुबुळं दाबायची जुनी रीत मात्र कायमची बंद करा, त्यानं डोळा जाऊ शकतो. आणि म्हाताऱ्या माणसाची मान चोळू नका.

यानं थांबलं नाही तर ॲडिनोसिन. हे औषध काही सेकंदांतच रक्तात संपून जातं, त्यामुळं ते कसं दिलं यावर यश ठरतं. तळहाताच्या मागच्या बारीक शिरेतून सावकाश दिलेलं ॲडिनोसिन हृदयापर्यंत पोचतच नाही आणि ‘औषध लागू पडलं नाही’ अशी नोंद होते. कोपराच्या खळग्यातली मोठी शीर घ्या. ६ मिलिग्रॅम झटक्यात, लगेच मागून २० मिली सलाईन तितक्याच झटक्यात, आणि हात वर. जमलं नाही तर १२ मिलिग्रॅम. रुग्णाला आधी सांगा, की काही सेकंद छाती दाबल्यासारखी होईल, जीव घाबरेल आणि लगेच जाईल. न सांगता दिलं तर तो माणूस पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकत नाही. दम्याच्या रुग्णाला हे टाळतात. आणि देताना ईसीजी चालूच ठेवा. लय मोडतानाची ती चार-पाच सेकंदांची पट्टी निदानासाठी फार किमती असते. ॲडिनोसिननं धडधड नाही थांबली तरी ठोके क्षणभर विरळ होऊन मागं लपलेला फ्लटर उघडा पडतो.

पुन्हा पुन्हा एसव्हीटी होणाऱ्यानं वर्षानुवर्षं गोळ्या खात बसण्यापेक्षा अ‍ॅब्लेशनचा विचार लवकर करावा, असं माझं ठाम मत आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेऊन तो जादा रस्ता उष्णतेनं बंद करतात. नेहमीच्या प्रकारात ९५ टक्क्यांहून जास्त जणांचा त्रास कायमचा जातो. मूळ रस्त्याला धक्का लागून पेसमेकर बसवावा लागण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून कमी. ही शक्यता सहीच्या आधी नीट समजून घ्यायची.

धडधड नसताना काढलेल्या ईसीजीत पीआर, म्हणजे वीज वरून खाली पोचायला लागणारा वेळ, ०.१२ सेकंदापेक्षा कमी आणि क्यूआरएसच्या सुरुवातीला तिरका उतार दिसला, तर तो डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे जन्मजात जादा रस्ता. अशा माणसाला वेडीवाकडी, रुंद आणि २०० च्या वरची लय सुरू झाली तर व्हेरापामिल, डिगॉक्सिन, ॲडिनोसिन ही तिन्ही घातक ठरू शकतात. मधला नेहमीचा रस्ता बंद झाला की सगळी वीज जादा रस्त्यानं धावते आणि हृदय फडफडायला लागतं. तिथं शॉक द्यायचा.

कसलाच ताळमेळ नसलेली नाडी म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, बोलताना एएफ. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात, रक्त डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. त्यामुळं एएफमध्ये धडधड कमी करणं हे दुय्यम काम आणि गुठळी टाळणं हे पहिलं. एएफ सापडल्यावर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि थायरॉइडची तपासणी चुकवू नये. इकोत मुख्य शोध घ्यायचा तो मायट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आखडली आहे का याचा. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापानं आखडलेल्या झडपा आपल्या भागात अजूनही दिसतात, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळीची निवड त्यावर ठरते.

झडप आखडलेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारोल हीच गोळी. नवीन गोळ्यांत रक्त तपासावं लागत नाही म्हणून कुणी बदलून मागितली तरी देऊ नये. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान या नवीन गोळीचा प्रयोग २०१२ साली गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यानं थांबवावा लागला, आणि सांधेतापानं बिघडलेल्या झडपांत जुनी गोळीच सरस ठरते हे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासानं दाखवलं. झडपांचा दोष नसलेल्या एएफमध्ये मात्र नवीन गोळ्या चांगल्या. गोळी लागते का हे गुण मोजून ठरवतात. वय ६५ ते ७४, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं पंपिंग कमी असणं, आधीचा अटॅक, स्त्री असणं, यांचा प्रत्येकी १ गुण. वय ७५ किंवा जास्त आणि आधीचा पक्षाघात यांचे २-२. पुरुषात २ आणि स्त्रीत ३ गुण झाले की गोळी लागते. ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन असतील तरच २.५. ‘वय झालंय, अर्धीच देऊ’ असं मनानं ठरवलं तर रक्तस्रावाची भीती तशीच राहते आणि संरक्षण जातं. रिव्हरॉक्साबॅन जेवणाबरोबर घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ॲस्पिरिन या कामाची नाही.

वॉरफरिनवाल्यांसाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, एएफमध्ये २ ते ३ ठेवतात. धातूच्या झडपेचं लक्ष्य झडपेच्या जागेप्रमाणं वेगळं असतं. मेथी, पालक, शेपू, चाकवत बंद करायची गरज नाही, पण प्रमाण रोज साधारण सारखं हवं. श्रावणात अचानक पालेभाज्या वाढल्या की आयएनआर खाली येतो. मेट्रोनिडॅझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल ही औषधं आयएनआर एकदम वर नेतात. जुलाबासाठी चार दिवसांचा मेट्रोनिडॅझोल लिहून घेताना वॉरफरिनचं नाव सांगायचं राहून गेलं, हे रक्तस्रावामागं वारंवार दिसणारं कारण. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक तर घरात सहज घेतली जाते, ती बंद. आणि लॅबवाल्यांनो, निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरा. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं ते गणित आहे. नळी अर्धी राहिली की आयएनआर खोटा जास्त येतो, त्यावर डॉक्टर गोळी कमी करतात आणि झडपेवर गुठळी बसते.

वेग आवरायला मेटोप्रोलॉल किंवा डिल्टिआझेम. पंपिंग कमी असेल तर डिल्टिआझेम नको. विश्रांतीत ११० च्या खाली वेग बहुतेकांना पुरतो. डिगॉक्सिन घेणाऱ्या वयस्क माणसाला मळमळ, अन्न नकोसं होणं, पिवळसर दिसणं आणि नाडी मंदावणं सुरू झालं तर ते पित्त समजू नका, गोळी थांबवून रक्त तपासा. शॉक देऊन लय सरळ करायची असेल आणि एएफ ४८ तासांपेक्षा जुना किंवा कधीचा ते माहीत नसलेला असेल, तर आधी ३ आठवडे आणि नंतर ४ आठवडे रक्त पातळ ठेवावं लागतं. घाई असेल तर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना हे बघतात. त्यानंतरचे ४ आठवडे तरीही सुटत नाहीत.

रुंद आणि वेगवान लय दिसली की ती व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक लय, धरून चालायचं. पूर्वी अटॅक आलेला माणूस असेल तर शंकेला जागाच नाही. ‘रुग्ण बोलतोय, बीपी चांगलंय, म्हणजे व्हीटी नसणार’ हा समज चुकीचा आहे. व्हीटीतही माणूस चालत दवाखान्यात येतो. त्याला व्हेरापामिल दिलं तर तिथंच कोसळतो. बीपी टिकून असेल तर ॲमिओडॅरोन १५० मिलिग्रॅम १० मिनिटांत. बीपी पडलं असेल तर भूल देऊन १०० ज्यूलचा शॉक, पण शॉक ठोक्याशी जुळवणारं ‘सिंक’ बटण दाबून आणि प्रत्येक क्यूआरएसवर खूण उमटते आहे हे बघून. बऱ्याच मशीनवर एक शॉक दिल्यावर सिंक आपोआप बंद होतं. दुसऱ्या शॉकच्या आधी ते पुन्हा दाबायचं राहतं आणि चुकीच्या क्षणी शॉक पडून व्हीएफ होतं, म्हणजे खालचे कप्पे नुसते फडफडतात. नाडीच लागत नसेल तर सिंक नको. थेट शॉक आणि छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यांसमोर येतं, म्हणून सांगतो. इथं बोलतोय ते छाती दाबण्याच्या सीपीआरबद्दल. तो जागेवरच सुरू करायचा असतो.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे. पहिला नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर छातीच्या उजव्या बाजूनंही लीड घ्या. उजवा खालचा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीनं बीपी एकदम कोसळतं. चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा इथून कॅथलॅबपर्यंत १२० मिनिटांत पोचून अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्याच रुग्णालयात द्यायचं, आणि मग पुढं पाठवायचं. टेनेक्टेप्लेस वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम एका झटक्यात, पंच्याहत्तरीच्या वर निम्मं. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत, बीपी पडलं तर वेग कमी करून. आधी मेंदूतला रक्तस्राव, अलीकडचं ऑपरेशन, चालू रक्तस्राव यांची चौकशी. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी, म्हणजे अटॅकमध्ये वर उचलला गेलेला रेषेचा भाग, निम्म्यानं उतरला नसेल तर तातडीनं अँजिओप्लास्टीसाठी हलवा. या वेळी ६० ते ११० ची रुंद लय दिसली आणि बीपी चांगलं असेल तर घाबरून औषध देऊ नका. शीर उघडली की ती लय येते आणि आपोआप जाते.

‘मधेच ठोका चुकतो’ ही तक्रार बहुधा जादा ठोक्याची असते. ठोका वेळेआधी पडतो, मागून मोठा विराम येतो आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. जाणवतो तो हा पुढचा. इको नॉर्मल असेल तर बहुतेकांना औषध लागत नाही. जागरण, तंबाखू, मशेरी, अति चहा, जुलाबानंतर कमी झालेलं पोटॅशियम हे आधी बघायचं. दिवसात साधारण १ लाख ठोके पडतात. त्यात जादा ठोके १० टक्क्यांच्या वर असतील तर इको ठरावीक काळानं पुन्हा करायचा, कारण एवढ्या संख्येनं हृदय थकू शकतं. कागद स्वच्छ दिसावा म्हणून औषध देणं किती महागात पडतं हे १९८९ साली ‘कास्ट’ अभ्यासानं दाखवून दिलं. अटॅकनंतर जादा ठोके दाबणाऱ्या औषधांनी ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले.

आता मंद नाडी. ‘ब्लॉकेज’ आणि ‘हार्ट ब्लॉक’ यांत रोज गोंधळ होतो. ब्लॉकेज म्हणजे रक्तवाहिनीत साचलेला अडथळा, त्याला स्टेंट. हार्ट ब्लॉक म्हणजे वरून खाली येणारी वीज अडली, त्याला पेसमेकर. चाळीसची नाडी घेऊन ‘अँजिओग्राफी करून ब्लॉक काढा’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला हे चित्र काढून समजवावं लागतं. तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाची झोपेतली नाडी ४० ते ५० असणं ठीक आहे. नुसता पीआर लांबलेला असेल तर त्यालाही सहसा काही करावं लागत नाही. चक्कर, अंधारी, बेशुद्धी सोबत असेल, किंवा वरच्या-खालच्या कप्प्यांचा संबंधच तुटला असेल, तर मात्र थांबता येत नाही.

पेसमेकरआधी परत फिरवता येणारी कारणं शोधा. मेटोप्रोलॉल, डिल्टिआझेम, डिगॉक्सिन, किडनीमुळं वाढलेलं पोटॅशियम, थायरॉइड. काचबिंदूसाठी डोळ्यांत घातले जाणारे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी मंद करतात, आणि ‘कुठली औषधं चालू आहेत’ विचारलं तर डोळ्यांचे थेंब कुणी सांगत नाही. ग्रामीण भागात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बियांत डिगॉक्सिनच्या जातीचं विष असतं, आणि पिकावर फवारायच्या काही कीटकनाशकांनीही नाडी पडते. तोवर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन, आणि ते पुरलं नाही तर मानेतून किंवा जांघेतून तात्पुरता पेसमेकर.

कायमचा पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, तेवढीच जागा बधिर करून बसवतात. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, आणि मंद नाडीची पट्टी जवळ ठेवायची. पहिले ४ ते ६ आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, पण अंगाला बांधूनही ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. जखम लाल झाली, पाणी आलं, त्वचा ताणून चकचकीत झाली, तर त्याच दिवशी दाखवा. फुगवटा सुई घालून उपसू देऊ नका, सुईबरोबर जंतू आत जातात. मोबाईल १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. आर्क वेल्डिंग करताना किती अँपिअरपर्यंत चालेल हे त्या पेसमेकरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, ते बघा. फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीजवळ परत जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं जाते. मग फक्त डबी बदलतात, तारा बहुधा त्याच राहतात. आणि एक अवघड पण आवश्यक गोष्ट. दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो, आगीत बॅटरी फुटते. घरात एकाला तरी हे माहीत असू द्या.

तरुण मुलगा किंवा मुलगी धावताना, कुस्ती खेळताना, किंवा मोठ्या आवाजानं दचकून बेशुद्ध पडली तर ‘फिट’ म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी ईसीजी आणि इको. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल तर नक्कीच. इकोत स्नायूची जाडी बघायची, ईसीजीत क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांची वीज सुरू होऊन शमेपर्यंतचा वेळ, मोजायचा. वेगानुसार सुधारलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की धोका. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑन्डॅन्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन यांनी तो आणखी लांबतो, आणि जुलाब-उलट्यांत नेमकी यांतलीच दोन-तीन एकत्र लिहिली जातात.

जुलै उजाडला की पंचगंगा, वारणा, भोगावतीच्या काठच्या घरांत एक काम करून ठेवावं. २०१९ च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि गावंच्या गावं तुटली होती. रक्त पातळ करणारी गोळी आणि ठोक्यांची गोळी निदान तीन आठवड्यांची घरात हवी, आयएनआर पाणी चढण्याआधी करून घ्यावा. पेसमेकरचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि फायलीतल्या सगळ्या ईसीजींचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलवर, धडधड सुरू असतानाचा सगळ्यात वर.